आफ्टर एट: आठनंतरच खा म्हणणाऱ्या चॉकलेटची केस स्टडी

१९६२ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या राउनट्री कंपनीनं एक चॉकलेट काढलं. चौकोनी, पातळ, एकेक तुकडा साधारण ८ ग्रॅमचा, बाहेरून डार्क चॉकलेट आणि आत पेपरमिंटचं पांढरं मऊ क्रीम, प्रत्येक तुकडा आपापल्या काळपट कागदी पाकिटात, आणि ही सगळी पाकिटं गर्द हिरव्या डब्यात उभी लावलेली. नाव ठेवलं आफ्टर एट. आता धंदा करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, खायच्या वस्तूच्या नावातच आठनंतर असं लिहून टाकलं की सकाळ गेली, दुपार गेली, शाळेतून येणारी पोरं गेली, बसची वाट बघताना काहीतरी तोंडात टाकणारे गेले. एवढं गिऱ्हाईक स्वतःहून घालवायचं का कुणी? आणि गंमत म्हणजे हीच कंपनी तेव्हा किटकॅट विकत होती, ज्याची सगळी जाहिरात कामातून जरा ब्रेक घ्या यावर, म्हणजे दिवसभरात कधीही खा. तरीपण आफ्टर एट चाललं, साठ वर्षं उलटून गेली, अजून चालतंय, आणि वर्षाला सुमारे एक अब्ज तुकडे तयार होतात असं सांगतात.

मार्केटिंगच्या क्लासमधे ही गोष्ट सांगतात तेव्हा बहुतेक वेळा नावावर सुरू होते आणि नावावरच संपते. काय हुशार नाव, वेळच ताब्यात घेतली, वगैरे. मला ते अर्धवट वाटतं. नाव भारी आहेच, पण त्या नावाला शोभेल असं चॉकलेट कारखान्यात बनवता आलं नसतं तर दोन ख्रिसमसमधे सगळं आटोपलं असतं. साखर फोडणारं एक एन्झाइम (जिवंत पेशींत तयार होणारं, रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन), कागदाचं एक पाकीट आणि तेव्हाच्या इंग्लंडमधल्या लोकांची संध्याकाळ, या तीन गोष्टी एकमेकींत बसल्या म्हणून हे जमलं. त्यातलं एन्झाइम आणि पाकीट याबद्दल लोक फार कमी बोलतात, म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे.

आधी कंपनीबद्दल

राउनट्री हे यॉर्कचं क्वेकर घराणं. क्वेकर म्हणजे ख्रिश्चनांमधला एक साधेपणा पाळणारा पंथ, दारूला विरोध, भपक्याला विरोध, आणि नेमके हेच लोक इंग्लंडच्या चॉकलेटच्या धंद्यात सगळ्यात मोठे झाले, कॅडबरी क्वेकर, फ्राय क्वेकर, राउनट्रीही क्वेकर. १८६२ मधे हेन्री आयझॅक राउनट्रीनं कोकोचा एक चालता धंदा विकत घेतला, १८६९ मधे भाऊ जोसेफ त्यात आला आणि त्यानं तो वाढवला. जोसेफला जाहिरातीचा मनापासून तिटकारा होता, माल चांगला असेल तर विकला जाईल असं त्याचं म्हणणं. त्याच्याच कंपनीनं धंदा सुरू झाल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी निव्वळ थाटावर विकलं जाणारं चॉकलेट काढावं, वाइन पिऊन झाल्यावर खायचं, हे त्याला कितपत पटलं असतं कुणास ठाऊक.

कंपनीची खरी अडचण म्हणजे कॅडबरी. कॅडबरीचं डेअरी मिल्क १९०५ पासून बाजारात होतं आणि साध्या दुधाच्या चॉकलेटच्या वडीत त्यांच्याशी टक्कर देणं राउनट्रीला काही केल्या जमेना. मग १९३० च्या दशकात जॉर्ज हॅरिस नावाच्या माणसाच्या हातात सूत्रं आली आणि त्यानं रस्ताच बदलला: समोरासमोर लढायचं नाही, प्रत्येक वेळी वेगळा आकार, वेगळं नाव, वेगळा प्रसंग. १९३३ मधे ब्लॅक मॅजिकचा डबा आला, पुरुषांनी बायकांना भेट द्यायला म्हणून. तो काढायच्या आधी हजारो लोकांना आणि दुकानदारांना विचारून घेतलं होतं की तुम्हाला डब्यात नक्की काय हवं, त्या काळात हे नवीनच होतं. मग १९३५ मधे एरो आणि पुढे किटकॅट म्हणून गाजलेलं चॉकलेट क्रिस्प, १९३७ मधे स्मार्टीज. यातल्या कशाच्याही नावात राउनट्री नाही, प्रत्येक माल आपल्या नावावर जगतो. जाहिरातीचं काम जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीकडे.

म्हणजे १९६२ पर्यंत या कंपनीला तीस वर्षांची सवय होती, की चव शोधत बसू नका, प्रसंग शोधा. आफ्टर एट ही त्याच सवयीची सगळ्यात टोकाची पायरी, एवढं लक्षात घेतलं की ते धाडस वगैरे फारसं वाटत नाही.

चव काही नवी नव्हतीच. फ्रायचं चॉकलेट क्रीम १८६६ पासून मिळत होतं, पुढे त्याचा पेपरमिंटवाला प्रकारही आला. लंडनच्या मेफेअरसारख्या श्रीमंत भागात बेंडिक्सचं दुकान, त्यांचं बिटरमिंट १९३१ चं, एकदम कडू चॉकलेटमधे भरलेलं कडक मिंट, ज्यांच्याकडे जेवण वाढायला नोकर असायचे अशा घरांतली वस्तू. जेवणानंतर कॉफीबरोबर मिंट खायची पद्धत वरच्या वर्गात होतीच. आणि राउनट्रीकडे स्वतःचं पोलो मिंट होतं, १९४८ पासून, मधे भोक असलेलं, खिशात ठेवायचं, दिवसा तोंडाला वास येऊ नये म्हणून. माझा अंदाज असा की घरात पोलो असल्यामुळेच दुसऱ्या मिंटला खिशातून काढून टेबलावर ठेवणं भाग होतं, नाहीतर आपलाच माल आपल्याच मालाला खाणार.

आठ वाजता जेवणारे लोक

इथे इंग्लंडची संध्याकाळ समजून घ्यायला लागते. आपल्याकडे शहरात रात्री नऊ-साडेनऊला जेवणं हे काही श्रीमंतीचं लक्षण नाही, ट्रेनमधून घरी पोचायलाच आठ वाजतात. तिकडे तसं नव्हतं. यॉर्कशरमधल्या कामगाराच्या घरी दुपारचं जेवण मोठं, आणि संध्याकाळी पाच-सहाला जे खायचं त्याला टी म्हणत, त्यात चहा, ब्रेड, काहीतरी मांसाचं, झालं. रात्री आठला टेबल मांडून, पाहुणे बोलावून, एकामागून एक तीन-चार पदार्थ वाढले जाणारं जेवण, शेवटी कॉफी, हा वरच्या आणि वरच्या-मध्यम लोकांचा कार्यक्रम. त्यामुळे आठनंतर एवढं म्हटलं की इंग्रज माणसाला लगेच कळायचं कुठल्या घराबद्दल बोलणं चाललंय. ज्या कारखान्यात हे चॉकलेट बनायचं तिथल्या बहुतेक बायकांची संध्याकाळची भांडी आठच्या आतच घासून झालेली असायची.

आणि नेमका हा काळ असा की खालचे लोक वर सरकत होते. महायुद्धात गोडावर रेशन आलं, १९४२ मधे, ते पूर्णपणे उठलं १९५३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आफ्टर एट यायच्या आधी जेमतेम नऊ वर्षं. ज्यांचं लहानपण कूपनवर मोजून मिळणाऱ्या गोळ्यांत गेलं ती पिढी आता नोकरीला लागली होती, हप्त्यावर फ्रीज घेत होती, नवीन घरात डायनिंग टेबल आणत होती, आणि पहिल्यांदाच ऑफिसातल्या लोकांना घरी जेवायला बोलवत होती. अशा वेळी माणसाला भीती कशाची असते? काट्याचमच्याची चूक होईल, वाइन चुकीची निघेल, शेवटी कॉफीबरोबर काय ठेवायचं ते माहीत नसेल. राउनट्रीनं यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डब्यात घालून वाण्याच्या दुकानात ठेवलं. कधी काढायचं तेसुद्धा डब्यावर लिहिलेलं, विचारायला नको.

१९५५ पासून तिथे व्यापारी टीव्ही सुरू झालेला, त्यामुळे जाहिराती घराघरात. आफ्टर एटच्या जाहिरातींमधे मेणबत्त्या, चांदीची भांडी, संध्याकाळचे कपडे घातलेले लोक, उच्चभ्रू बोलणं. आता हे उघड आहे की ज्यांच्याकडे खरोखर तसं घर होतं त्यांना टीव्हीवर बघून चॉकलेट घ्यायची गरज नव्हती, त्यांचं बेंडिक्स ठरलेलं. जाहिरातीतले लोक वेगळे आणि विकत घेणारे वेगळे, आणि विकत घेणाऱ्यांना हे माहीत होतं. मला वाटतं इंग्रज माणूस त्यावर थोडं हसतही होता, आणि हसत हसत डबा आणत होता. चांदीचं तबक परवडत नव्हतं पण हिरवा डबा परवडत होता, आणि एक डबा आणला की सहा-आठ जणांना पुरायचा, हिशोबानं महाग नाही.

आतलं क्रीम, म्हणजे खरी कारागिरी

आता कारखान्यात चला. अडचण अशी होती. जेवणानंतरचं चॉकलेट नाजूक पाहिजे, पोट भरलेलं असतं, जाड वडी कुणी खाणार नाही, म्हणजे पातळ हवं. आत क्रीम हवं, तेही मऊ, जवळजवळ ओघळेल असं, कारण कोरडं आणि रवाळ लागलं तर स्वस्त गोळी चघळल्यासारखं वाटतं. पण मऊ क्रीमची पातळ चौकोनी चकती करायची कशी? चॉकलेट चढवायचं मशीन म्हणजे जाळीच्या पट्ट्यावरून चकत्या पुढे सरकत जातात आणि वरून पातळ चॉकलेटचा पडदा पडत असतो, खालूनही लेप बसतो. क्रीम मऊ असेल तर चकती जाळीवरच बसकण मारेल, कडा जातील, चौकोनाचा थापटा होईल. क्रीम घट्ट घेतलं तर मशीनवरून झकास जाईल पण तोंडात कोरडं लागेल. जाड चॉकलेटमधे यातून वाट निघते, चॉकलेटची वाटी करायची, आत पातळ सारण ओतायचं, वरून झाकण लावायचं. इतक्या पातळ तुकड्यात वाटी कसली करताय.

यावरचा उपाय इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम, यीस्टपासून काढतात. आधी फाँडंट बनवायचं: साखरेचा पाक सुमारे ११५ अंशांपर्यंत आटवायचा, निववायचा, घोटायचा, की साखरेचे अतिशय बारीक स्फटिक तयार होतात आणि त्यांच्यामधे थोडा पाक राहतो, पांढराशुभ्र घट्ट गोळा. त्यात पेपरमिंट तेल आणि अगदी थोडं इन्व्हर्टेज. एन्झाइम गरम पाकात टाकलं तर ते मरतं, म्हणून निवल्यावर टाकायचं. मग लगेच चकत्या पाडायच्या, चॉकलेट चढवायचं, थंड करायचं, पाकिटात भरायचं. अजून आतलं क्रीम घट्टच आहे. खरं काम आता सुरू होतं, गोदामात, कुणी हात न लावता. इन्व्हर्टेज साखरेचे दोन भाग करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ही जोडी उरलेल्या साखरेत मिसळली की सगळं मिळून नुसत्या साखरेपेक्षा तेवढ्याच पाण्यात जास्त विरघळतं, त्यामुळे आत जे जेमतेम पाणी होतं तेवढ्याच पाण्यात आता स्फटिक विरघळायला लागतात आणि घट्ट गोळ्याचं सैल क्रीम होतं. बाहेरून पाण्याचा थेंबही न घालता. रात्री दुधाला विरजण लावून झोपायचं तसंच हे, फक्त एका रात्रीत होत नाही, तीन दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. थोडक्यात मशीनवरून नुकताच उतरलेला आफ्टर एट खाल्लात तर काही मजा नाही, इथे ताजं म्हणजे कच्चं.

यात एक फायदा फुकटात मिळतो. ग्लुकोज-फ्रुक्टोज पाणी धरून ठेवतात, त्यामुळे क्रीम महिनोन्महिने कोरडं पडत नाही आणि साखरेचं प्रमाण एवढं असतं की जंतूंनाही वाढता येत नाही. मधमाश्या फुलातल्या रसाचा मध करताना याच जातीचं एन्झाइम वापरतात, तिथेही परिणाम तोच.

युक्ती राउनट्रीनं शोधलेली नाही हेही सांगायला पाहिजे. चॉकलेटच्या आत चेरी आणि भोवती पातळ पाक असतो ना, तो पाक आत कसा शिरला असा प्रश्न लहानपणी पडतो, तिथेही इन्व्हर्टेजच, आणि ते या कंपनीच्या खूप आधीपासून वापरात आहे. राउनट्रीवाल्यांचं काम म्हणजे ते इतक्या पातळ तुकड्यात, मोठ्या प्रमाणावर, न गळता जमवणं. आफ्टर एटच्या बाबतीत ज्या एका कारागिराचं नाव घेतात ते ब्रायन सॉलिट. पंधराव्या वर्षी यॉर्कच्या कारखान्यात लागले, आफ्टर एट निघालं तेव्हा पंचविशीच्याही आत होते, पन्नासएक वर्षं तिथेच काढली आणि २०१३ मधे गेले. पुढे यॉर्की, लायन बार वगैरे बऱ्याच मालावर त्यांचा हात लागला. मोठ्या कंपनीत एका माणसानं एक वस्तू शोधली असं सहसा नसतं, टीम असते, पण जाहिरातवाल्यांची नावं सगळ्यांना पाठ आणि कढईवाल्याचं नाव मेल्यावर पेपरात, हे काही बरोबर वाटत नाही.

पाकीट

आता ते कागदी पाकीट. बघायला गेलं तर कागद वाया, मजुरी वाया, मशीनरी वेगळी. इतकी पातळ चॉकलेटं एकमेकांना लागून उभी ठेवली तर घासून पांढरट होणार, चिकटणार, तुटणार, म्हणून काहीतरी आड घालायलाच लागणार होतं, हे झालं कारखान्याचं कारण. पण टेबलावर त्या पाकिटानं जे केलं ते वेगळंच. तुम्ही डबा पुढे करता, समोरचा माणूस बोटांनी पाकिटं चाळतो, एक उचलतो, त्यातून चॉकलेट सरकवून बाहेर काढतो. बोटांना चॉकलेट कमी लागतं, कुणी चावत-चघळत नाही, रॅपरचा चुरचुर आवाज नाही. काहीतरी रीतसर चाललंय असं वाटतं. चॉकलेट बाजूला ठेवा, ही कृती दोन मिनिटं गप्पांना हातात काम देते. पानाचं तबक फिरतं तेव्हा आपल्याकडे जे होतं, चुना थोडा, सुपारी नको, एवढ्या निमित्तानं लोक अजून बसतात, तेच तिथे हिरवा डबा करतो.

आणि मग रिकाम्या पाकिटांचा प्रकार. इंग्लंडमधे कुणालाही विचारा, घरात कोण रिकामं पाकीट परत डब्यात ठेवतं यावरून भांडणं झालेली असतात. वरून बघितलं तर डबा भरलेला, हात घातला की पाकीट, पाकीट, पाकीट, सगळी पोकळ. यातून दोन गोष्टी होतात. एक, कुणी किती खाल्ली ते कळत नाही, म्हणजे लाज न वाटता चौथं-पाचवं खाता येतं, आणि खपाच्या दृष्टीनं हे फारच महत्त्वाचं. दुसरं, त्या भांडणामुळे आणि विनोदांमुळे डबा घरातल्या आठवणींत जाऊन बसतो, ज्याला कुठल्याही कंपनीचे पैसे पुरे पडणार नाहीत. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, सुदैव म्हणा.

डब्यावर आणि पाकिटावर जुन्या धाटणीचं घड्याळ, सोनेरी, भरपूर नक्षी. पुढे ब्रिटनमधल्या जवळपास प्रत्येक सुपरमार्केटनं आपापले मिंट थिन्स काढले, स्वस्तात, चव फार वेगळी नाही, त्यांना पातळ चौकोन करता आला, कागदी पाकीटही करता आलं, पण घड्याळ आणि वेळ दुसऱ्याची झालेली होती. त्यांनी वेळ लिहिली असती तर आपणच नकली आहोत असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

तोंडात काय होतं

आवडण्याचं एक कारण अगदी शरीरातलं आहे. आपल्या तोंडात थंडी ओळखणारे जे ग्राहक, म्हणजे मज्जातंतूंवरचे रिसेप्टर, असतात त्यातल्या एकाचं नाव टीआरपीएम८. पेपरमिंट तेलातलं मेंथॉल त्यालाच जाऊन चिकटतं, आणि तापमान काहीही खाली आलेलं नसताना मेंदूला थंड असा निरोप जातो. हा ग्राहक २००२ मधे ओळखला गेला, आणि डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्या कामात याचाही भाग आहे. दुसरीकडे कोको बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तोंडाच्या तापमानाच्या जरासं खाली, आणि वितळताना जिभेकडची थोडी उष्णता ओढून घेतं. म्हणजे खरा गारवा थोडासा आणि भासाचा गारवा भरपूर, दोन्ही एकाच वेळी. त्यात मेंथॉल स्निग्ध पदार्थात चांगलं विरघळतं, त्यामुळे ते एकदम झटका देत नाही, चॉकलेट पसरेल तसं हळूहळू येतं. कडवट चॉकलेट आतल्या भयंकर गोड क्रीमला आवरतं. नुसतं ते क्रीम चमच्यानं खाऊन बघा, दुसरा चमचा जाणार नाही. आणि पातळ असल्यामुळे हे सगळं दहा-पंधरा सेकंदात होऊन जातं, तोंड स्वच्छ वाटतं, आणि हात परत डब्याकडे.

जेवणानंतर मिंट घेतलं की पचन होतं, ही समजूत मात्र जपून घ्यावी. पेपरमिंट तेलानं आतड्याचे स्नायू सैल पडतात, पोटात कळा येणाऱ्या काही रुग्णांना त्याच्या कॅप्सूल देतातसुद्धा. पण तोच सैलपणा अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या झडपेलाही येतो, मग आम्ल वर येतं. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांना डॉक्टर रात्रीच्या जेवणानंतर जे टाळायला सांगतात त्या यादीत मिंट आहे आणि चॉकलेटही आहे. म्हणजे आफ्टर एट दोन्हीकडून पकडलं जातं. अर्थात कुणी ते औषध म्हणून खात नाही, पण जेवणानंतर हे चालतं अशी जी आतून परवानगी मिळते ना, गोड झाल्यावर परत गोड खायची, ती या समजुतीतूनच येते.

पुढचा हिशोब

१९६९ मधे राउनट्री आणि हॅलिफॅक्सची मॅकिंटॉश, क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटवाली, एक झाल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आफ्टर एटचं उत्पादन यॉर्कहून कॅसलफर्डला गेलं. १९८८ च्या एप्रिलमधे स्विस कंपनी जेकब्स सुशार्डनं एका सकाळी राउनट्रीचे जवळजवळ १५ टक्के शेअर बाजारातून उचलले, मग नेस्ले मैदानात उतरली, यॉर्कमधे मोर्चे निघाले, आमची कंपनी परक्यांना देऊ नका म्हणून, सरकारनं मधे पडायला नकार दिला आणि शेवटी नेस्लेनं अडीच अब्ज पौंडांच्या वर पैसे मोजून कंपनी घेतली. एवढे पैसे कारखान्याच्या भिंतींसाठी कुणी देत नाही, किटकॅट, पोलो, स्मार्टीज, आफ्टर एट या नावांसाठी दिले. २०१२ मधे कॅसलफर्डचा कारखाना बंद झाला आणि काम हॅलिफॅक्सला गेलं, म्हणजे राउनट्रीचं चॉकलेट आता जुन्या मॅकिंटॉशच्या घरात.

मालाचं वय मात्र दिसायला लागलं. ज्या डिनर पार्टीसाठी तो जन्मला ती पार्टी सत्तरच्या दशकानंतर चेष्टेचा विषय झाली, लोक जेवायला बोलवतात पण स्वयंपाकघरातच उभे राहून खातात, चांदीबिंदी कुणी काढत नाही. मग डबा ख्रिसमसकडे सरकला. वर्षभर आठवण नाही, डिसेंबरमधे सुपरमार्केटात ढीग, आजी-आजोबांना भेट. नेस्लेनं ऑरेंज काढलं, पाकिटाशिवायचे छोटे तुकडे काढले, बारीक कांड्या काढल्या. माझं मत विचाराल तर पाकिटाशिवायचा आफ्टर एट म्हणजे नुसतं मिंट चॉकलेट, ते कुणीही बनवतं. संध्याकाळी एका वेळेला बांधून घेण्याची किंमत ही, की ती वेळच लोकांच्या आयुष्यातून गेली की माल ताटकळत उभा. पोलोचं तसं झालं नाही, किटकॅटचं तर नाहीच.

अमेरिकेत हीच चव वेगळ्या वाटेनं गेली. शिकागोच्या अँडीज कँडीजनं १९५० मधे हिरवा थर मधे असलेली छोटी पातळ वडी काढली, ती बिलाबरोबर हॉटेलात येऊ लागली. म्हणजे तिथे यजमान घरचा नव्हता, हॉटेल होतं, थाट वगैरे काही नाही, पैसे द्या आणि तोंड गोड करा. यॉर्क पेपरमिंट पॅटी नावाचंही एक आहे, १९४० चं, पण ते यॉर्क पेनसिल्व्हेनियातलं, इंग्लंडमधल्या यॉर्कशी त्याचा संबंध नाही, बरेच जण इथे गल्लत करतात.

आपल्याकडे

लंडन, लेस्टर, दुबई इथे राहणारी आपली माणसं येताना ड्यूटी-फ्रीमधून हिरवा डबा आणतात, बाकी इंपोर्टेड मालाच्या दुकानात मिळतं, पण मास मार्केट म्हणून आफ्टर एट इथे कधी रुजलं नाही. उष्णता हे एक कारण. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत पारा जातो, मुंबईतल्या दुकानातही दुपारी ३४ सहज ओलांडतो, आणि हे चॉकलेट इतकं पातळ की मऊ पडलं तर आतलं क्रीम लगेच बाहेर. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती जागाच रिकामी नव्हती. जेवणानंतर विडा, बडीशेप, धनाडाळ, सुपारी, लग्नाच्या पंगतीनंतर पान, हे सगळं आधीपासून बसलेलं. तिथे पाहुण्याला काय द्यायचं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. मेंथॉल देणाऱ्या पुदिन्याच्या जातीचं पीक जगात सगळ्यात जास्त भारतात येतं, उत्तर प्रदेशात, पण ते तेल आपल्या लेखी खोकल्याच्या गोळीत, बामात आणि पानमसाल्यात.

ज्यांनी इथे जेवणानंतरची चव रॅपरमधे घातली ते आपले रावळगाववाले. वालचंद हिराचंदांनी मालेगाव तालुक्यात १९३३ मधे साखरेचं काम सुरू केलं, पुढे त्यातून गोळ्यांचा कारखाना निघाला, आणि त्यांची पान पसंद, विड्याची चव गोळीत. पण त्यांनी उलटं केलं. विड्याला वेळ होती, तबक होतं, मोठ्यांसमोर खायचा की नाही याचे नियम होते, ते सगळं काढून टाकलं आणि चव तेवढी ठेवली. शाळेतल्या पोरानं खावी, एसटीत खावी, सुट्ट्या पैशांच्या बदल्यात दुकानदारानं हातावर ठेवावी. राउनट्रीनं साध्या पेपरमिंटला वेळ आणि तबक जोडलं, रावळगावनं विड्याचे दोन्ही काढले, आणि दोन्ही माल चालले. २०२४ मधे रावळगावचे ब्रँड रिलायन्सनं २७ कोटींना घेतले. मला हा आकडा फार लहान वाटला.

आणि कुणाकडून डबा आलाच असेल तर एक सांगतो, उकाड्यात तो फ्रीजमधे उघडा टाकू नका. बाहेर काढल्यावर हवेतली ओल थंड चॉकलेटवर बसते आणि ती सुकली की साखरेचे पांढरट डाग उरतात. हवाबंद डब्यात घालून ठेवा, काढल्यावर झाकण न उघडता अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. तसंही फ्रीजमधून काढून लगेच खाल्लं तर चॉकलेट कडक लागतं, क्रीम घट्ट लागतं, आणि इन्व्हर्टेजची सगळी मेहनत फुकट.